खिशात वीस रुपये असोत की पाच हजार, मुंबईत जेवायला मिळतं. पण हे गणित जमलं कसं?

माहीमला दर्ग्याच्या बाजूला गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. एखाद्या साध्याशा हॉटेलबाहेर फुटपाथवर माणसं ओळीने उकिडवी बसलेली असतात. कुणी हात पसरत नाही, कुणी आवाज देत नाही. नवखा माणूस गोंधळतो, की हे नेमकं चाललंय काय?

मग कुणीतरी रस्त्याच्या कडेला स्कूटर लावतो, थेट गल्ल्यावर जातो, पैसे देतो आणि आकडा सांगतो. दहा म्हणाला, तर ओळीतल्या पहिल्या दहा जणांना जेवण मिळतं. बाकीची ओळ पुढे सरकते आणि पुढच्या स्कूटरची वाट बघते. पैसे देणाऱ्याला जेवणाऱ्याचं नाव माहीत नसतं, जात-धर्म माहीत नसतो. हॉटेलवाल्याचा धंदा होतो, देणाऱ्याला सवाब किंवा पुण्य जे काय म्हणाल ते मिळतं आणि ज्याच्या खिशात शून्य रुपये आहेत तो उपाशी झोपत नाही. मोहम्मद अली रोडच्या भागातही अशी हॉटेलं आहेत.

मुंबईतल्या बाहेर खाण्याच्या शिडीची ही सगळ्यात खालची पायरी. सगळ्यात वरची पायरी तिथून काही मैलांवर, अपोलो बंदरला १९०३ साली उघडलेल्या ताजमध्ये. आणि या दोन्हींच्या मध्ये इतक्या पायऱ्या आहेत की महिन्याच्या एक तारखेला आणि तीस तारखेला वेगवेगळ्या पायरीवर बसूनही माणूस इथं पोटभर खातो.

तुमच्या मोबाईलवर ‘पन्नास रुपयांत खाण्याच्या दहा जागा’ असले रील रोज येत असतील. रील जागा दाखवतं, पण तिथं ते स्वस्त का आहे हे सांगत नाही. ते एकदा कळलं की जागा शोधायला रील लागत नाही.

तर सुरुवात होते बायकोपासून. म्हणजे बायको सोबत नसण्यापासून.

मुंबईत गिरण्या, गोदी आणि रेल्वे उभी राहिली तेव्हा कामाला आले ते एकटे पुरुष. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून, उत्तरेतून. बायकापोरं गावाला आणि हे इथं दहा बाय दहाच्या खोलीत. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपणारे. एक दिवसपाळीला गेला की दुसरा त्याच्याच जागेवर वळकटी पसरणार. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईत पुरुषांची संख्या बायकांच्या जवळपास दुप्पट होती. आता विचार करा, लाखो पुरुष, त्यांच्याकडे ना चूल ना ती पेटवायला वेळ. यांना जेवायला कोण घालणार?

घातलं गिरणगावातल्या बायकांनी. परळ, लालबाग, डिलाईल रोडच्या चाळीत एखादी बाई आपल्याच घरातल्या चुलीवर दहा-वीस जणांचं दोन वेळचं रांधायची. हीच खानावळ. पाटी नाही, मेनू नाही. मालवणचा असेल तर मालवणी बाईकडे, घाटावरचा असेल तर घाटावरच्या बाईकडे, म्हणजे चव गावची आणि भाषा पण गावची. पैसे महिन्याने, पगार झाला की. बऱ्याचदा पगार झाल्यावरही नाही. सणाला गावी जायचं असेल तर खानावळीची बाकी तुंबायची आणि बाई वाण्याकडे उधारी वाढवायची. वाणी थांबेना तर सावकार होताच, त्याच्या व्याजासकट.

म्हणजे मुंबईच्या कापडधंद्याला लागणारा माणूस स्वस्तात जगत होता तो या बायकांच्या उधारीवर. गिरणीच्या हिशेबाच्या वहीत त्यांचं नाव कुठंच नव्हतं. हे ज्यांच्या डोळ्यांवर आलं त्या प्रेमाताई पुरव. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या आणि पुढे गिरणगावात कामगार चळवळीत रुळलेल्या. संप झाला की कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या याच बायका सगळ्यात आधी बुडतात हे त्यांनी बघितलं होतं. १९७५ मध्ये त्यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काय, तर एकमेकींची हमी. बचत गट हा शब्द घराघरांत पोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मग १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. कामगार गेला तसं खानावळीचं गिऱ्हाईकही गेलं. आज गिरणगावात मॉल आणि टॉवर दिसतात, पण खानावळीची लेकरं शहरभर पसरलीत. दादर, गिरगाव, लालबागची मालवणी हॉटेलं आणि गल्लोगल्लीची ‘पोळी-भाजी केंद्रं’ ही त्यातलीच. मालवणी हॉटेलात बुधवार, शुक्रवार, रविवार हे जोराचे वार. सोमवारी अनेकांचं शटर खाली असतं, त्यामुळे वार बघून जा. थाळीत बांगडा घ्या, पापलेटच्या निम्म्यात काम होतं. आणि खरं सांगायचं तर तिखल्यात बांगडाच चांगला लागतो. सोलकढी दुसऱ्यांदा मागितली तर बहुतेक ठिकाणी पैसे लागतात हेही लक्षात असू द्या.

खानावळीनंतर पोट भरायचा आणखी स्वस्त मार्ग निघाला तो वडापाव. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला असं सांगितलं जातं. वडापावचा इतिहास तुम्ही शंभर वेळा वाचला असेल, म्हणून एवढंच बघा की त्या वीस रुपयांत कोण कोण आहे. बटाटा आणि मिरची पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेली. पाव गोव्याच्या पाववाल्यांकडून आणि इराण्यांच्या भट्ट्यांतून आलेला. बेसन आणि लसणाची चटणी आपली. एका हातात धरून लोकल पकडता येते, त्यामुळे बसायच्या जागेचं भाडंही वाचतं.

भाडं हा शब्द लक्षात ठेवा. कारण इराण्याची सगळी गोष्ट भाड्याची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द भागातून झरथुष्ट्री लोक मुंबईत आले. हातात भांडवल थोडं. त्यांनी घेतली कोपऱ्यावरची दुकानं. हिंदू दुकानदारांना कोपऱ्याची जागा अशुभ वाटायची म्हणून ती स्वस्तात मिळाली असं सांगतात. इराण्याला मात्र दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक आणि दोन बाजूंचा उजेड मिळाला. मेट्रो सिनेमासमोरची कयानी १९०४ ची, धोबी तलावची ससानियन १९१३ ची, ग्रँट रोडची मेरवान १९१४ ची, बॅलार्ड इस्टेटची ब्रिटानिया १९२३ ची.

संगमरवरी टेबल, लाकडी वाकवलेल्या खुर्च्या, भिंतीला आरसे म्हणजे मालकाला गल्ल्यावरून सगळं हॉटेल दिसावं. आणि पाट्या. इथं केस विंचरू नका, पाय वर घेऊन बसू नका, उधार मागू नका. लोक या पाट्यांवर हसतात, पण त्यात ‘अमक्या जातीच्यांसाठी वेगळा कप’ असली पाटी नव्हती. खानावळी गाव आणि जात बघून चालायच्या, अनेक हिंदू हॉटेलांत स्वयंपाकी ब्राह्मण असल्याची पाटी हीच जाहिरात होती. त्या काळात इराण्याच्या टेबलावर पठाण, भय्या, गिरणी कामगार, वकील आणि दलित वस्तीतला माणूस एकाच बरणीतली खारी खात होते. चहा आणि ब्रून मस्का एवढ्या पैशात ही जागा मिळायची आणि एका चहावर तास-दोन तास बसलं तरी कुणी उठवायचं नाही.

का उठवायचं नाही? कारण त्या खुर्चीचं भाडं इराण्याला फारसं लागतच नव्हतं.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. हा कायदा फक्त घरांना नाही, दुकानांनाही लागू होता. १९९९ चा नवा कायदा आला तरी जुने भाडेकरू संरक्षितच राहिले, वर्षाला चार टक्के वाढीवर. त्यामुळे फोर्ट किंवा गिरगावात जुन्या पगडीच्या जागेतला हॉटेलवाला जे भाडं देतो, त्याच रस्त्यावर नवीन कॅफे उघडणाऱ्याला त्याच्या कित्येक पटीने मोजावं लागतं. नव्या कॅफेतली कॉफी तीनशेला का, याचं उत्तर बिया इथिओपियाच्या आहेत हे नाही. तुम्ही त्या खुर्चीचं तासाचं भाडं भरत असता.

घरमालकाचं दुखणंही खोटं नाही बरं का. शे-दोनशे रुपये भाड्यात चार मजली इमारतीची डागडुजी कोण करणार? म्हणून इमारती मोडकळीला आल्या, पडल्या, माणसंही दगावली. स्वस्त चहाची किंमत कुणीतरी दुसराच भरत होता, जशी खानावळवाली भरत होती.

माटुंग्याचं गणित थोडं वेगळं आहे. तिथं आले ते टायपिंग आणि हिशेब येणारे तमिळ, मल्याळी, कन्नड कारकून आणि त्यांच्या मागोमाग उडुपीकडचे हॉटेलवाले. राम आश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं आणि माटुंगा स्टेशनलगत पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. नावातच बोर्डिंग, म्हणजे मूळ गिऱ्हाईक पुन्हा तेच, घर गावाला ठेवून आलेला माणूस. उडुप्याने स्वस्ताई साधली ती वेगाने. भांडी कमी, पदार्थ ठरलेले, गिऱ्हाईक आलं की पाच मिनिटांत प्लेट समोर आणि शेवटचा घास खाल्ला की पोऱ्या टेबल पुसायला हजर. इराण्याने तुम्हाला बसू दिलं, उडुप्याने उठवलं. रविवारी सकाळी किंग्ज सर्कलला रांगेत उभं राहिलात तर आपण नेमके कोणत्या शाळेच्या हॉटेलात आलोय हे आपोआप कळतं! बोर्डिंगमध्ये साधी प्लेट आणि केळीच्या पानावरचं पोटभर जेवण असे वेगवेगळे पर्याय असतात. भूक बेताची असेल तर प्लेटच घ्या. पानावर बसून पहिल्याच भाताला हात आखडणारे लोक बघून वाढप्याचाही जीव तुटतो.

काळबादेवीला कापडबाजारात आलेल्या गुजराती-मारवाडी दलालांसाठी वीशी आणि भोजनालयं निघाली. त्यातलं श्री ठाकर भोजनालय १९४५ पासून चालू आहे. आज तिथली थाळी काही गरिबाची राहिलेली नाही, पण वाढप चार वेळा येतं, तेव्हा सकाळी नाश्ता न करता गेलात तर पैसे वसूल. फाळणीनंतर सायन कोळीवाड्याला निर्वासितांच्या छावण्या पडल्या आणि कोळ्यांची कोळंबी पंजाब्यांच्या बेसन-ओव्याच्या मसाल्यात गेली. ‘प्रॉन्स कोळीवाडा’ हे नाव वाचून कोळी बायका आजही हसत असतील.

काही पदार्थ तर शिडीवरून खाली उतरले. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी आलं, लसूण, मिरचीत सोया सॉस घालून चिकन मंच्युरियन केलं. क्लबाच्या सभासदांसाठी केलेला तो पदार्थ आज गाडीवर लाल रंगात न्हाऊन निघतो आणि त्याच गाडीवर चायनीज भेळही मिळते, जी कुठल्याही चिनी माणसाने आयुष्यात बघितली नसेल.

भेंडी बाजार, मोहम्मद अली रोडला स्वस्ताईचं कारण मांसाच्या तुकड्यात आहे. नळी, पाया, भेजा हे शेठलोक न घेणारे भाग. ते रात्रभर मंद आचेवर ठेवले की निहारी होते आणि पहाटे कष्टकऱ्याच्या पोटाला दिवसभराचा आधार मिळतो. भेंडी बाजारातलं नूर मोहम्मदी १९२३ पासून हेच करतंय. ‘बडे का’ म्हणजे मोठ्या जनावराचं मांस हे इथल्या गरिबाचं मुख्य प्रथिन. २०१५ मध्ये राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून उरली ती म्हैस. तिथं जाताना एकटे जाऊ नका. चौघं जा, दोन निहारी, एक भेजा, मोजून रोट्या आणि शेवटी सुलेमान उस्मानकडे फिरनी. चौघांत वाटल्यावर आकडा खिशाला सोसतो. रमजानमध्ये मिनारा मशिदीच्या गल्लीत फिरायचं असेल तर पहिल्याच गाडीवर पोट भरायची चूक करू नका. मी केलीय.

आता वरच्या पायरीबद्दल थोडं, कारण तिथं फसायला जास्त होतं. साध्या हॉटेलच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर आहे, तिथं जेवणावर १८ टक्के. म्हणजे मेनूवर दोन हजार दिसले तर मनातल्या मनात तीनशे साठ मिळवा आणि मग ठरवा. छोटं हॉटेल कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला गिऱ्हाईकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही, आणि तसं बिलावर छापावं लागतं. सर्व्हिस चार्ज हा कर नाही, तो परस्पर बिलात लावता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. काढा म्हटलं की काढतात, फक्त म्हणायला तोंड उघडावं लागतं. पाण्याच्या बाटलीचं मात्र उलटं आहे. हॉटेलवाला छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केलंय. एका चकाचक हॉटेलात मी न मागता समोर आलेल्या बाटलीचं झाकण उघडलं आणि तेवढ्यात चांगली मिसळ झाली असती. तेव्हापासून बसल्या बसल्या ‘साधं पाणी’ म्हणतो.

तर एवढी सगळी शिडी ज्यावर उभी आहे त्या गोष्टी तीनच. घरापासून दूर आलेला माणूस, कुणाची तरी न मोजलेली मेहनत आणि जुनं भाडं. यातलं जुनं भाडं वेगाने चाललंय.

दक्षिण मुंबईत इमारतींमागून इमारती पुनर्विकासाला जातायत. भेंडी बाजारात तर साडेसोळा एकरांवर आख्ख्या मोहल्ल्याचा पुनर्विकास चाललाय. जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मिळते, पण देखभाल खर्च नवा, नियम नवे आणि धुरकट भट्टीला तिथं जागा नाही. एकेकाळी शहरात इराणी हॉटेलं शेकड्यांनी होती, आता मोजायला फार वेळ लागत नाही. त्यात जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. धूर कुणालाच नको, शेजारी राहणाऱ्याला तर नकोच. पण भट्टी बदलायचा खर्च शेवटी पावाच्या लादीवर येतो आणि तिथून वडापाववर. ज्याचं दुपारचं जेवण म्हणजे दोन वडापाव आहे, त्याला त्यातला एकेक रुपया कळतो.

सरकारने मध्ये पडून बघितलंय. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर आली आणि गेली, तिच्या जागांवर दुसरेच धंदे उभे राहिले. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. आहे तिथं ती खरोखर उपयोगी आहे. मात्र थाळीचा मोठा हिस्सा अनुदानावर असल्याने ते वेळेवर आलं तरच केंद्रवाल्याचं भागतं. अनुदान थकलं की त्याची अवस्था जुन्या खानावळवाल्या बाईसारखी होते, वाणी दारात उभा.

दुसरीकडे फोर्टमधली बरीच ऑफिसं बीकेसी आणि लोअर परळला गेली. काचेच्या इमारतींत फूड कोर्ट आहे, पण तिथं साहेब जेवतात. सुरक्षारक्षक, सफाईवाल्या, लिफ्टमन आणि नव्याने आलेली डिलिव्हरीची पोरं तिथं जेवत नाहीत. ही पोरं बिहार, बंगाल, विदर्भ, मराठवाड्यातून येतात, एका खोलीत पाच-सहा जण राहतात आणि दिवसभर दुसऱ्यांचं जेवण पाठीवर घेऊन फिरतात.

त्यामुळे कुठल्याही नव्या भागात स्वस्तात कुठं जेवायचं हे कळत नसेल तर दुपारी तीन-साडेतीनला बाहेर पडा. ऑर्डरी थंडावलेल्या असतात. ज्या गाळ्याबाहेर दहा-बारा बाईक एकमेकींना टेकवून लावल्या असतील आणि सीटवर हेल्मेट ठेवलेली असतील, तिथं आत जा. बहुतेक वेळा आत एक बाई पोळ्या लाटत असते आणि भिंतीवर भावाचा कागद चिकटवलेला असतो. भाजी संपली असेल तर डाळ-भात मागा.